धाकट्या पातीचा मायनर

लग्न होऊन धारहून देवासला आली तेव्हा मला वाटलं होतं का आता शाळा संपली, परीक्षा संपल्या, आता नुसत्या पोळ्या. पोळ्यांना मी घाबरत नव्हती. बाकी सगळ्याला घाबरायची. गॅसच्या नव्या नळीला, बँकेतल्या बाईला, कुठलाही फॉर्म असेल त्याला, आणि सगळ्यात जास्त नानांना. नाना म्हणजे माझे सासरे. ते काही ओरडायचे-बिरडायचे नाहीत, उलट फार हळू बोलायचे, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकू नाही आलं तर परत विचारायचं कसं, ह्याचीच मला भीती. ते "सूनबाई, जरा ते आण" असं काहीतरी म्हणायचे, मी "हो नाना" म्हणून आत जायची आणि आत जाऊन उभी राहायची, का 'ते' म्हणजे काय. मग अंदाजाने काहीतरी उचलून न्यायची. एकदा त्यांनी चष्मा मागितला होता आणि मी किसणी नेली. नानांनी किसणी हातात घेतली, उलटी करून बघितली, बाजूला ठेवली आणि काही म्हणजे काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून मी दोन दिवस नीट जेवली नाही.

घर आमचं टेकरीच्या खालीच. वरती दोन देव्या, मोठी माता आणि छोटी माता, आणि पहाटेपासून वरचा भोंगा सुरू. त्याच्यावर नानांचा ट्रान्झिस्टर, त्याच्यावर कुकरची शिट्टी, त्याच्यावर माझी मुलगी ओवी, जी ह्या गोष्टीच्या वेळी दीड वर्षाची होती आणि रडताना श्वासच घ्यायची नाही, आणि ह्या सगळ्याच्या वर माझ्या सासूबाई. त्यांना मी अहो आई म्हणते. अहो आई कढी ढवळता ढवळता बोलायच्या, पोह्यांवर सेव टाकता टाकता बोलायच्या, भुट्ट्याचा कीस करायचा असला का एक तास किसता किसता बोलायच्या, आणि त्यातला अर्धा वेळ नानांना ऐकवण्यासाठी. आमचे हे, म्हणजे नितीन, कारखान्यात शिफ्टला जायचे, ते घरात असले तरी झोपलेले असायचे, म्हणून ह्या गोष्टीत त्यांचं काम फक्त घोरण्याचं आहे, आणि ते त्यांनी नीट केलं.

आता बाहेरच्या माणसाला एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. देवासात पूर्वी एका गावात दोन राजे होते. भावाभावांची वाटणी. एक थोरली पाती, एक धाकटी पाती, इंग्रजीत सीनियर आणि ज्युनियर. रस्त्याची ही बाजू ह्यांची, ती बाजू त्यांची. राज्यं गेली, राजे गेले, पण आमच्या घरात दोन्ही पात्या रोज सकाळी चहाला बसायच्या. कारण नानांचे आजोबा धाकट्या पातीच्या कोठारात होते आणि अहो आईंचं माहेर थोरल्या पातीचं. अहो आई म्हणायच्या, "आमच्या आजोबांच्या ताब्यात हत्तीण होती, हत्तीण." नाना चहा बशीत ओतून म्हणायचे, "हो, आणि ती चरायला आमच्या हद्दीत यायची." मग अहो आई दोन तास बोलायच्या नाहीत, म्हणजे नानांशी. माझ्याशी डबल बोलायच्या. धाकटं म्हणजे कमी, असं कोणी चुकूनही म्हटलं तर नानांचा आवाज अजूनच हळू व्हायचा. लग्नात माझ्या मामांनी सहज विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही ज्युनियरचे का?" त्या मामांना अजून आमच्याकडे दुसरी पोळी विचारत नाहीत.

तर ह्या घरात मी राहून राहिली होती, बारावी प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून पास, ती पण ओवी पोटात असताना दिलेली, अर्ध्या पेपरात उलटीला उठलेली. पुढे शिकायचं डोक्यात नव्हतं. ते डोक्यात आलं धारच्या आईमुळे. माझी आई धारला मांडूच्या रस्त्यावर पोह्यांची गाडी लावते. तिच्या गाडीवर ते डबडं आलं ना, कोणी मोबाइलने पैसे दिले का त्यातून बाई बोलते, "प्राप्त हुए" म्हणून, तर आई त्या बाईला उत्तर द्यायची. "हो गं बाई, मिळाले," असं. गिऱ्हाईक हसायचे. एकदा ती बाई दिवसभर बोललीच नाही, तर आईने मला फोन केला, का ती आजारी आहे का बघ. मी फोनवरूनच सांगितलं, हे बटण दाब, सिम काढ, परत घाल, आता नेटवर्कची दांडी बघ, आता मला मेसेज वाचून दाखव. अर्ध्या तासात बाई बोलायला लागली. मग आईने बाजूच्या कचोरीवाल्या भियाला, म्हणजे भाऊला, माझा नंबर दिला, त्याने चप्पलवाल्याला, आणि बघता बघता धारच्या अर्ध्या बाजाराचे पैसे अडकले का फोन मला. एका हातात ओवी, एका हातात लाटणं, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन, आणि मी म्हणून राहिली, "भिया, घबराओ मत." मी! मी लोकांना सांगत होती का घाबरू नका. आणि सांगताना मला स्वतःला भीती वाटायची नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझी धारची मैत्रीण वंदना इंदौरला अशाच कंपनीत आहे. ती म्हणाली, "सुजी, तू जे फुकटात करून राहिली ना, ह्यालाच फिनटेक म्हणतात. पैसा आणि मशीन, दोघांचं लग्न. पण ग्रॅज्युएशनशिवाय कोणी आत घेणार नाही. कॉलेजचे फॉर्म सुटलेत, भरून टाक. आता नवीन नियम आहे, कोणत्याही विषयाबरोबर कोणताही विषय घेता येतो. एक मेजर घ्यायचा, एक मायनर घ्यायचा." मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, "मेजर म्हणजे पोहे, मायनर म्हणजे वर भुरभुरायचा मसाला, जिरावन. नुसते पोहे खाऊन पोट भरतं, नुसतं जिरावन कोणी खातं का?" मी म्हटलं, मग माझे पोहे कोणते? ती म्हणाली, "तिथे काही लोक मशीनला शिकवतात, काही लोक हिशोबाचे नियम बघतात. दोन्ही थोडं थोडं सगळ्यांना लागतं, पण एक काहीतरी पोटभर यायला पाहिजे. तू कशात पोट भरशील ते तू बघ." मी तीन दिवस बघितलं. भांडी घासताना बघितलं, ओवीला झोपवताना बघितलं. कॉमर्सची मला आवड नव्हती असं नाही, पण डबडं बंद पडलं का ते का बंद पडलं, ह्याचा शोध घेताना माझी कढी उतू जायची आणि मला कळायचं नाही. हिशोब करताना कधी कढी उतू गेली नाही. म्हणून ठरवलं, मेजर कंप्यूटर, मायनर कॉमर्स. आज वाटतं, आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी स्वतः ठरवलं होतं आणि ते पण कढीला विचारून.

आता घरात सांगायचं कसं. मी अहो आईंना सांगितलं, कारण त्यांना सांगितलं का सगळ्यांना सांगून होतं. त्या पापड वाळवत होत्या. मी म्हटलं, "अहो आई, मला कॉलेज करून फिनटेकमध्ये लागायचंय." त्यांनी हातातला पापड खाली ठेवला. "टेकरीवर?" मी म्हटलं, नाही, फिन-टेक. त्या म्हणाल्या, "हो गं, तेच. आता तिथेही ग्रॅज्युएट लागतात का? बरोबर आहे, गर्दी किती वाढली." आणि मी आणखी काही सांगायच्या आत त्या गॅलरीतून समोरच्या काकूंना सांगून मोकळ्या, "आमची सून टेकरीवर लागणार आहे. सरकारी असेल बहुतेक." समोरच्या काकूंनी तिथूनच हात जोडले. मी परत सांगायला पाहिजे होतं. पण अहो आईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता आणि माझ्यात इतकी हिंमत नव्हती.

नानांचं वेगळंच. नाना नोटा छापायच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे ते काय करायचे हे त्यांनी अहो आईंना चाळीस वर्षांत सांगितलं नाही. मोबाइलने पैसे देणं त्यांना पटायचंच नाही, भाजीवालीच्या गाडीवर ते चौकोनी चित्र दिसलं का ते तोंड फिरवायचे, जसं काही तिथे कोणी अंघोळ करत आहे. मला वाटलं, फिनटेक ऐकून ते मला माहेरी पाठवतील. पण त्यांनी कंप्यूटर, कॉमर्स, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच एकच शब्द विचारला, "मायनर?"

मी म्हटलं, "हो नाना. एक मेजर असतो, म्हणजे मोठा, आणि एक मायनर, म्हणजे..." आणि इथे माझी जीभ अडकली, कारण मला 'लहान' म्हणायचं होतं आणि समोर धाकटी पाती बसलेली होती.

"बोल, बोल," नाना म्हणाले. "म्हणजे?"

"म्हणजे... धाकटा," मी म्हटलं.

झालं. नाना ताठ बसले. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक मी त्याच्या आधी फक्त एकदा बघितली होती, त्यांचा भाऊ बुद्धिबळात हरला तेव्हा. "म्हणजे कॉलेजातही दोन पात्या आहेत," ते म्हणाले. "मग त्यात विचार काय करायचा? आपल्याला मायनर."

"नाना, पण दोन्ही घ्यावे लागतात, आणि मेजर जो असतो तो..."

"मेजर-फेजर त्यांना घेऊ दे," नाना म्हणाले, आणि अहो आईंकडे बघितलं. "ज्यांच्याकडे हत्तीण होती."

अहो आई पापडावरून उठल्या. "घेईलच मेजर! का नाही घेणार? माझी सून आहे, मेजरच घेईल. मोठ्या मातेच्या पायऱ्या चढून मुलाचा नवस बोलले होते मी."

"आणि मुलगा झाला तो छोट्या मातेला बोलल्यावर," नाना म्हणाले.

माझ्या विषयांचं कोणी विचारलंच नाही. दोघं भांडून राहिले होते, हे आत घोरून राहिले होते, आणि ओवी माझ्या कडेवर बसून पापडाचं ओलं पीठ खात होती.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः माझ्याबरोबर निघाले, मंजू भाभींकडे. मंजू भाभी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी साडीला फॉल-पिको करतात आणि तिथेच कियोस्क चालवतात, म्हणजे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतात, एका टेबलावर शिलाई मशीन आणि एका टेबलावर कंप्यूटर, आणि तोंडात सुई धरूनच बोलतात. त्यांनी फॉर्म उघडला, माझं नाव भरलं, नंबर नानांचा टाकला कारण नानांनी तोच सांगितला, आणि सुईच्या बाजूने विचारलं, "मेजर कई डालूँ, बाबूजी?"

"मेजर नहीं चाहिए," नाना म्हणाले. "हमारे यहाँ मेजर नहीं चलता. जो बढ़िया सब्जेक्ट है, वो माइनर में डालो. कंप्यूटर. माइनर में."

"पण मेजर खाली नी छोड़े ये, बाबूजी. लाल हुई रियो है." मेजरचा रिकामा चौकोन लाल झालेला होता.

"तो कुछ भी डाल दो. वो तो खाली नाम का है."

मंजू भाभींनी खरंच काहीही टाकलं. त्यांचं एक लक्ष पिकोकडे होतं, एक गिऱ्हाईक ब्लाउजवरून भांडत होतं, त्यांनी माऊसचं चाक फिरवलं, लांबलचक यादी सर्रकन खाली गेली, आणि जिथे थांबली तिथे त्यांनी दाबलं. नानांनी चष्मा लावलेला नव्हता. मी उभी होती, मला स्वच्छ दिसत होतं. मेजर, आणि त्याच्यासमोर लिहिलेलं, नृत्य. मी वाचलं. मी दोनदा वाचलं. ओवीने माझं मंगळसूत्र तोंडात घातलेलं होतं, मंजू भाभी म्हणाल्या, "लॉक कर दूँ?" आणि नाना म्हणाले, "कर दो," आणि मी तोंड उघडलं, आणि बंद केलं. आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मोठमोठ्या मशीनच्या चुका शोधायला शिकते, पण त्या एका क्षणात मी का बोलली नाही ह्याचं उत्तर मला अजून मिळत नाही. मी माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचली नव्हती.

पुढच्या दिवशी सकाळी मेसेज आला. नानांच्या फोनवर. नानांनी तो अहो आईंना वाचायला दिला, आणि अहो आईंना हळू वाचता येत नाही, त्या मोठ्याने आणि एका दमात वाचतात, खिडकी उघडी होती. "बधाई हो, सुजाता जी, आपको नृत्य विषय में..." मग त्या थांबल्या. वरचा भोंगा पण तेव्हाच थांबला, मला चांगलं आठवतं. समोरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, त्यांचा पण दोष नाही, त्यांना जेवढं माहीत होतं तेवढ्याचीच त्यांनी बेरीज केली. "क्या भाभी? बहू टेकरी पे नाचेगी?"

 फोडणी जळत होती, कोणी उठेना. अहो आई हळू बोलायला लागल्या आणि नाना जोरात बोलायला लागले, म्हणजे सगळंच उलटं. नाना म्हणाले, "हे मंजूने मुद्दाम केलं." मग म्हणाले, "हे त्या सरकारी यंत्राने केलं." मग खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "देवीची इच्छा दिसत नाही. राहू द्या ते कॉलेज. सूनबाई, तू आपली घरी राहा."

खाली मंजू भाभी समोरच्या काकूंनाच फॉलची साडी द्यायला आलेल्या, त्या खालूनच ओरडल्या, "अरे भाभी, आज चार बजे तक सुधार चालू है! कॉलेज जाके बदलवा लो, नी तो साल गयो!"

साल गयो. मला एवढंच ऐकू आलं. मी नानांकडे बघितलं, नाना डोळे मिटून बसलेले. मी अहो आईंकडे बघितलं. अहो आईंनी जळलेली फोडणी खाली उतरवली, ओवीचं टोपडं माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाल्या, "जा. मी काही बघितलं नाही." बस. मी ओवीला उचललं, चपला घातल्या, एक माझी आणि एक ह्यांची, आणि जिन्यावरून खाली. कोपऱ्यापर्यंत पळत गेली आणि तिथे आठवलं का मार्कशीट, टीसी, फोटो, सगळे कागद नानांच्या पिशवीत, आणि नानांची पिशवी नानांच्या पलंगाखालच्या पेटीत, कुलपात. मी तिथेच उभी राहिली, रडू येत होतं, ओवीला पण येत होतं, आणि मागून तो हळू आवाज आला.

"कागदांशिवाय कुठे निघाली?"

नाना. काखेत पिशवी, डोक्यावर टोपी. "मी तुझ्यासाठी येत नाही," ते म्हणाले. "मी कागद कोणाच्या हातात देत नाही, म्हणून येतोय."

कोपऱ्यावर मॅजिक गाडी मिळाली, तिच्या भियाने नानांना पुढे बसवलं, मला मागे कांद्याच्या पोत्यावर. कॉलेजला पोचलो तर खिडकीपासून गेटपर्यंत रांग, सगळ्या अठरा-अठरा वर्षांच्या पोरी, जीन्सवाल्या, आणि मध्ये मी, दोन जातीच्या चपला घालून. खिडकीत एक मॅडम, थकलेल्या, एका हाताने पंख्यासारखी फाइल हलवत. त्यांनी वर न बघता विचारलं, "कौन से बच्चे का है?"

"जी, मेरा."

त्यांनी ओवीकडे बघितलं. "इसका तो अभी टाइम है."

"इसका नहीं मॅडम. मेरा खुद का. मेजर में नृत्य आ गया है."

मागच्या पोरी फिसकन हसल्या. मॅडमनी माझ्या चपला बघितल्या, मग नानांना. "और करना क्या है?"

मी म्हटलं, "फिनटेक," आणि माझा आवाज इतका बारीक निघाला का त्यांनी "क्या टेक?" विचारलं, आणि मग मी एका श्वासात सगळं सांगितलं, धारची आई, डबड्यातली बाई, कचोरीवाला, सिम, नेटवर्कची दांडी. मॅडमनी फाइल हलवायची थांबवली. "पैसा कट गया और सामने वाले को नहीं पहुँचा, तो पहले क्या देखती हो?"

"पहले तो उसको बोलती हूँ दुबारा मत भेजना. फिर देखती हूँ के अटका किधर है. इधर के बैंक में, उधर के बैंक में, के बीच में. फिर..."

"बस बस," मॅडम म्हणाल्या. "नाचना नहीं है तुमको." त्यांनी एक कागद सरकवला. "विषय सुधार का फॉर्म. कारण साफ लिखना है. गलती किसकी, ये भी."

नाना पुढे झाले. "लिखो, कियोस्क वाली की गलती."

"तो फिर कियोस्क वाली का बयान लगेगा, सील लगेगी. कल आना. पर कल पोर्टल बंद."

 मी म्हटलं, "मॅडम, मैं लिख देती हूँ. मेरी गलती." मला ते सोपं होतं. घरात काही सांडलं, काही हरवलं, का मी 'माझी चूक' म्हणून मोकळी व्हायची, सवयच होती.

मॅडमनी विचारलं, "तुम्हारी क्या गलती? तुमने डाला था नृत्य?"

"नहीं."

"तो?"

"मैंने देखा था. बोली नहीं."

हे मी खिडकीकडे बघून म्हटलं, नानांकडे बघून म्हणायची माझी छाती नव्हती. पण नाना बाजूलाच उभे होते.  मागची पोरगी म्हणाली, "अंकल, जल्दी करो ना." मग नानांनी माझ्या पुढ्यातला कागद ओढला, खिशातून पेन काढलं, चष्मा लावला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाकून लिहायला लागले. सावकाश. मॅडमनी घड्याळ बघितलं, मी घड्याळ बघितलं, चारला फार थोडा वेळ होता, आणि नाना एकेका अक्षराला वेलांटी अशी घालत होते जसं कोणी बाळाला टोपडं घालतं. शेवटी सही केली आणि कागद आत सरकवला.

मॅडमनी वाचायचा प्रयत्न केला. "बाबूजी, ये तो मराठी में है."

"हमारी पाती के दफ्तर की भाषा यही थी."

"वो दफ्तर बंद हो गया, बाबूजी." मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला. "पढ़ो. ज़ोर से. क्या लिखा है?"

आता माझी शाळा सगळी हिंदीत. मराठी मी बोलते, पण कोणाच्या हातचं वाचायचं म्हटलं का पहिलीतल्या पोरासारखं एक-एक अक्षर, आणि 'ळ' आला का माझी गाडी तिथेच बसते. रांगेतल्या सगळ्या पोरी ऐकत होत्या. ओवीने कागदाचा कोपरा पकडलेला. मी सुरू केलं.

"थो-र-ली व धा-क-टी यां-चे बा-ब-ती-त... मा-झे स-म-जु-ती-त... घो-टा... घो-टा-ळा जा-ह-ला."

मी थांबली. नाना छताकडे बघत होते.

"आगे," मॅडम म्हणाल्या.

"यां-त सू-न-बा-ई-चा... का-डी-मा-त्र... दो-ष ना-ही." माझं नाक गळायला लागलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "ती जे... थो-र-ले म्ह-णे-ल... ते थो-र-ले ध-रा-वे."

"मतलब?" मॅडमनी विचारलं.

मी कागद खाली ठेवला.

"मतलब ये, मॅडम," मी म्हटलं, "के मेजर मैं बताऊँगी."

आणि सांगितला.